एका मेसेजने समोरच्याचं ॲप बंद पडतं: हा साधा बग की सुरक्षेतली त्रुटी?

अनुस्वार | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, कामावरचा वाद इथे आणतेय. मी एका कंपनीत टेस्टिंग करते. आमच्या ॲपमध्ये ग्राहकांना एकमेकांशी बोलायला चॅट आहे. हल्लीच सापडलं की विशिष्ट अक्षरांचा एक मेसेज पाठवला की ज्याला तो जातो त्याचं ॲप ते संभाषण उघडताक्षणी मरतं. पुन्हा उघडा, पुन्हा मरतं. ॲप काढून नव्याने टाकलं तरी तेच, कारण जुनं संभाषण सर्व्हरवरून परत खाली उतरतं आणि त्यात हा मेसेज ठाण मांडून बसलेला असतोच.

मी ते सिक्युरिटीच्या रांगेत टाकलं. तिथल्या साहेबांनी परत पाठवलं: "डेटा गेला का? पासवर्ड गेला का? नाही ना? मग साधा बग आहे, पुढच्या रिलीजला बघू." माझं म्हणणं, दुसऱ्याचं ॲप मला हवं तेव्हा बंद पाडता येतंय आणि त्याला काही करता येत नाही, तर हे साधं कसं?

तुमचं काय मत? जुनी उदाहरणं माहीत असतील तर तीही द्या. शुक्रवारी मीटिंग आहे, हातात काहीतरी असलेलं बरं.

खडूस | मंगळवार, रात्री १०:५८

साहेब बरोबर आहेत. चोर घरात शिरला तर ती चोरी. कुणी बाहेरून कडी लावून पळाला तर तो फार तर आगाऊपणा. सगळ्यालाच सुरक्षा सुरक्षा म्हणत सुटलात तर खरी चोरी होईल तेव्हा कोणी लक्ष देणार नाही.

चिंगी | मंगळवार, रात्री ११:०३

आणि बाहेरून कडी लावलेली असताना आत गॅस पेटला तर, खडूसकाका?

खडूस | मंगळवार, रात्री ११:०५

तर फायर ब्रिगेड. सिक्युरिटी टीम नव्हे.

सखाराम_बाइट | मंगळवार, रात्री ११:४१

अनुस्वार, तुमच्या साहेबांना सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीतला एक क्रमांक द्या: सीव्हीई-२०१५-११५७. मे २०१५ मध्ये आयफोनवर एक मेसेज फिरत होता. सुरुवातीला 'इफेक्टिव्ह, पॉवर' असे दोन इंग्रजी शब्द, मग अरबी अक्षरं, मग आणखी थोडी चित्रविचित्र चिन्हं. तो आला की फोन थेट रीस्टार्ट व्हायचा. मेसेज उघडायचीही गरज नाही. वरून सरकत येणाऱ्या सूचनेच्या पट्टीत मजकूर मावत नाही म्हणून तो छाटून शेवटी तीन टिंबं द्यायची असतात. ही छाटाछाट करताना ॲपलचं अक्षरं मांडणारं कोअरटेक्स्ट गडबडायचं. पट्टी दाखवतो स्प्रिंगबोर्ड, म्हणजे होम स्क्रीन सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि तोच पडला की सगळं गेलं.

त्यात एक बाइटही चोरीला जात नव्हती. तरी त्याला सुरक्षा त्रुटी म्हणून क्रमांक मिळाला आणि नोंदीत 'डिनायल ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवा अडवणं, असंच लिहिलं आहे. दुरुस्ती आयओएस ८.४ मध्ये आली, ३० जूनला. तोपर्यंत ॲपलने सांगितलेला तात्पुरता उपाय असा की सिरीला न वाचलेले मेसेज वाचायला सांगा, सिरीकरवीच उत्तर द्या, मग मेसेजेस उघडेल.

माहितीची गुप्तता, तिचा अस्सलपणा आणि ती हवी तेव्हा मिळणं, या तीन गोष्टींना मिळून सुरक्षा म्हणतात. साहेब पहिलीच तेवढी मोजतायत.

देवनागरीवाला | बुधवार, सकाळी ७:१२

सखारामभाऊंनी 'चित्रविचित्र चिन्हं' म्हणून जे उडवून लावलं त्यातलं एक आपलं आहे हो! त्या मेसेजात 'ॣ' होता, तोही एकदा नव्हे, चारदा. ही दीर्घ ॡ ची मात्रा. वर्णमालेत ॡ पाठ केला, त्यानंतर आयुष्यात कोणी वापरला असेल तर हात वर करा.

पुणेरी_पाटी | बुधवार, सकाळी ७:३०

इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, त्याचा सूड घेतला त्याने.

चिंगी | बुधवार, सकाळी ७:३४

हहपुवा

देवनागरीवाला | बुधवार, सकाळी ८:०५

हसा. पण २०१८ च्या फेब्रुवारीतलं प्रकरण आपल्याला याहून जवळचं आहे. तेव्हा बातम्यांत आलं की तेलुगूतला 'ज्ञा' आयफोनवर आला की ॲप कोसळतं. मेसेजेस, व्हॉट्सॲप, फेसबुक मेसेंजर, सगळी. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ ही आवृत्ती मुख्यतः त्यासाठी काढली. सगळीकडे 'तेलुगू बग' असंच नाव पडलं.

तेव्हा मोझिलात असलेल्या मनीष गोरेगावकर यांनी आठवड्याच्या आत एक लेख लिहून ते उकलून दाखवलं, आणि दोष एकट्या तेलुगूचा नाही हे त्यात स्पष्ट झालं. घातक क्रम असा होता: एक व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, त्यानंतर झेडडब्ल्यूएनजे हे न दिसणारं 'जोडू नका' सांगणारं चिन्ह, आणि मग मात्रा. तेलुगूत दुसरं व्यंजन कोणतंही चालायचं. बंगालीत र किंवा य. आणि देवनागरीत र! म्हणजे प्र, क्र, ग्र यांच्यापुढे ते अदृश्य चिन्ह आणि मग मात्रा आली की मराठीतही तोच धडाका. पहिलं व्यंजनच र असेल तर मात्र काही व्हायचं नाही, कारण तेव्हा रफार होतो आणि वाट बदलते.

आता ते चिन्ह बहुतेक भारतीय लिप्यांत त्या जागी काहीच काम करत नाही. त्याची नेहमीची जागा हलन्तानंतर; 'वाङ्‌मय' मध्ये ङ पाय मोडलेला दिसतो तो त्याच्यामुळे. मात्रेच्या आधी ते कोणी मुद्दाम टाकत नाही, त्यामुळे तपासणीतही कोणी टाकून बघितलं नसणार.

आपल्या लिप्यांत संगणकाची पंचाईत होते ती अशी: टंकलेली अक्षरं आणि पडद्यावर उमटणारे आकार यांचा हिशेब एकास एक नसतो. 'प्रि' मध्ये चार चिन्हं टंकली जातात. त्यातली शेवटची वेलांटी दिसते सगळ्यात आधी, आणि प्, र मिळून एकच आकार होतो. प्रोग्रॅम सतत 'हा आकार मूळ मजकुरातल्या कितव्या चिन्हाचा' याची नोंद ठेवत असतो. त्यात एक अदृश्य चिन्ह अनपेक्षित जागी घुसलं की नोंद चुकायला जागा होते. रोमन लिपीवर वाढलेल्या टेस्टरला हे डोक्यातच येत नाही.

मीनाक्षी_ठाणे | बुधवार, सकाळी ९:२०

देवनागरीवाला, वाचनखूण साठवली. २०२० च्या एप्रिलमध्येही असंच झालं होतं ना? इटलीचा झेंडा आणि सिंधी अक्षरं?

देवनागरीवाला | बुधवार, सकाळी ९:४४

हो, आयओएस १३.४.१ च्या वेळी. तेही सूचनेच्या पट्टीतच. अरबी, तेलुगू, सिंधी... 'विचित्र अक्षरं' म्हणून बातमी येते, आणि ती कोणाची तरी मातृभाषा असते.

मोडेमयुग | बुधवार, दुपारी १:१५

तुम्ही तरुण मंडळी २०१५ ला जुनं म्हणताय म्हणून आलो. आमच्या वेळी फोनच्या तारेवरून मोडेम जोडायचे. मोडेमला 'आता मी तुझ्याशी बोलतोय, पलीकडच्याशी नाही' असं सांगायला तीन अधिक चिन्हं द्यायची, आणि मग एटीएच म्हणजे फोन ठेव. हेज कंपनीच्या मोडेममध्ये त्या तीन चिन्हांच्या आधी आणि नंतर थोडी शांतता असली तरच ते आज्ञा मानत. त्या शांततेचं पेटंट हेजकडे होतं. मग पैसे वाचवायला काही मोडेमवाल्यांनी ती शांतता गाळलीच.

झालं! आयआरसी या तेव्हाच्या चॅटवर कोणालाही पिंग, म्हणजे 'आहेस का' विचारणारा छोटा संदेश, पाठवायचा आणि पिंगच्या पोटात ही अक्षरं भरायची. त्याचा संगणक शिष्टाचार म्हणून पिंगचं उत्तर देणार, म्हणजे तीच अक्षरं स्वतःच्या मोडेममधून बाहेर पाठवणार, आणि मोडेम ती आज्ञा समजून फोन ठेवून देणार. माणूस स्वतःच स्वतःला कापायचा. चॅटमध्ये कोणाशी वाजलं की हे अस्त्र निघायचं.

याहूच्या चॅटरूममध्ये नंतर 'बूटर' नावाचे प्रोग्रॅम फिरायचे तेही याच जातीचे. मेसेजांचा मारा करून समोरच्याचा मेसेंजर आडवा करायचा.

खडूस | बुधवार, दुपारी १:४०

आणि त्यातून कोणाचं काय बिघडलं? पुन्हा डायल केलं, पुन्हा आले. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय.

बे_एरियाकर | बुधवार, दुपारी २:०५ (इथे मध्यरात्र उलटून गेली आहे, झोप येत नाही)

खडूस, 'पुन्हा उघडलं की झालं' हे नेहमी खरं नसतं. २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या नॅटली सिल्वानोविच यांनी आयमेसेजमधली एक त्रुटी कळवली. मेसेजच्या एका भागात मजकूर असायला हवा तिथे भलत्याच प्रकारची वस्तू भरली की ती वाचणारा प्रोग्रॅम पडायचा. मॅकवर तो पडायचा आणि पुन्हा उठायचा. आयफोनवर मात्र हा कोड स्प्रिंगबोर्डमध्ये चालायचा, त्यामुळे पडदा सारखा उभा राहून कोसळत राहायचा आणि बोटाला प्रतिसादच नाही. बंद करून चालू केला तरी, अनलॉक करताच पुन्हा तेच. आतलं सगळं पुसून टाकणं हाच मार्ग. आयओएस १२.३ मध्ये दुरुस्त झालं, मग जुलैत त्यांनी तपशील जाहीर केले.

एका मेसेजने दुसऱ्याला स्वतःचा फोन पुसायला लावता येतो. याला आगाऊपणा म्हणणार?

दुसरं. नुसता क्रॅश हा बऱ्याचदा नुसता नसतो. वर आलेल्या तेलुगू प्रकरणात ॲपलने स्वतः जे लिहिलं ते वाचा: मुद्दाम रचलेल्या मजकुरामुळे हीप मेमरीत बिघाड होऊ शकतो. म्हणजे प्रोग्रॅम नको तिथे लिहीत होता. आज तो त्यामुळे पडतोय, उद्या कोणी हुशार माणूस नेमकं काय लिहायचं ते ठरवू शकला तर तीच पळवाट आत शिरायची होते. क्रॅश का होतोय हे न बघता 'डेटा गेला नाही' म्हणणं म्हणजे तपासाआधी निकाल.

आणि पडून पुन्हा उठणारा प्रोग्रॅम हल्लेखोराला आवडतो. मेमरीतले पत्ते अंदाजाने शोधायचे असतात, अंदाज चुकला की प्रोग्रॅम पडतो, तो आपोआप उठला की पुढचा अंदाज. म्हणूनच आयओएस १४ मध्ये ॲपलने दोन गोष्टी केल्या: आलेले मेसेज उलगडायचं काम ब्लास्टडोअर नावाच्या बंदिस्त खोलीत टाकलं, आणि ती प्रक्रिया सारखी पडू लागली तर पुन्हा उठण्यामधला वेळ वाढवत न्यायचा.

खडूस | बुधवार, दुपारी २:३१

हे पटण्यासारखं आहे. पण तो मेमरीच्या बिघाडाचा मुद्दा झाला, बंद पडण्याचा नाही. अनुस्वार यांच्या ॲपमध्ये मेमरी बिघडतेय का? की नुसता न पकडलेला एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅमने न सांभाळलेली चूक आहे? दोन्हीला एकच लेबल लावू नका.

अनुस्वार | बुधवार, संध्याकाळी ६:५०

खडूस, प्रश्न रास्त. आज पाहिलं. मजकुराची मांडणी करताना अक्षरांची संख्या शून्य येते आणि पुढे तिच्यावर हिशेब होतो, न पकडलेला एक्सेप्शन. मेमरीत काही नाही. सगळ्यांचे आभार, मी भराभर टिपून घेतेय.

नाईट_शिफ्ट | बुधवार, रात्री ११:२०

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. सगळे फोनबद्दल बोलताय, पण एक मेसेज सर्व्हरलाही आडवा करू शकतो. २०१४ मध्ये एक्सएमपीपी या चॅटच्या खुल्या पद्धतीने चालणाऱ्या सर्व्हरांबाबत निघालं होतं: दाबून छोटा केलेला मजकूर स्वीकारायची सोय होती, आणि उलगडल्यावर तो किती मोठा होईल याला मर्यादाच नव्हती. प्रोसडी, ओपनफायर, अशा अनेक सर्व्हरांना दुरुस्ती काढावी लागली. चिमूटभर पाठवा, सर्व्हरची मेमरी भरून टाका. तिथे एकाचं नाही, सगळ्यांचं चॅट जातं, आणि फोन मला येतो.

चिंगी | गुरुवार, सकाळी ८:१०

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मावशीने एकदा 'काळ्या ठिपक्याला हात लावू नका' असा मेसेज फॉरवर्ड केला होता. अर्थातच सगळ्यांनी लावला. मामांचा फोन इतका वेळ गोठला की त्यांनी नवीन घ्यायची घोषणा केली. मावशीचं म्हणणं, "मी तर सावध करायला पाठवला होता."

सखाराम_बाइट | गुरुवार, सकाळी ९:००

तो २०१८ च्या मे महिन्यातला. ठिपक्यामागे हजारो अदृश्य चिन्हं दडवलेली असायची, 'इथून उजवीकडून डावीकडे', 'इथून डावीकडून उजवीकडे' अशा सूचनांची. हात लावला की फोन ती सगळी सोडवत बसायचा.

अनुस्वार, तुमच्याशी तंतोतंत जुळणारं प्रकरण आता आठवलं, स्काइप, जून २०१५. कोणी चॅटमध्ये 'एचटीटीपी', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पुन्हा कोलन एवढं लिहिलं की समोरच्याचं स्काइप कोसळायचं. मेसेज पुसून उपयोग नव्हता, कारण पुन्हा साइन इन केलं की सर्व्हरवरून जुनं संभाषण उतरायचं आणि पुन्हा कोसळायचं. मायक्रोसॉफ्टने लगोलग दुरुस्ती काढली, 'पुढच्या रिलीजला बघू' म्हटलं नाही. शुक्रवारी हेच सांगा.

मीनाक्षी_ठाणे | गुरुवार, सकाळी ९:३५

व्हॉट्सॲपचीही दोन सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये भारतातल्याच दोन सतरा वर्षांच्या मुलांनी दाखवलं की विशेष चिन्हांचा फक्त २ केबीचा मेसेज अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप पाडतो, आणि सुटका हवी तर ते अख्खं संभाषण पुसावं लागतं. त्या मुलांनीच पुढचा धोका सांगितला होता: एखाद्याने मला धमक्या दिल्या आणि शेवटी हा मेसेज पाठवला, तर मी माझ्याच हाताने पुरावा पुसणार.

दुसरं २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवलेलं, ग्रुपचं. ग्रुपमधल्या एकाने व्हॉट्सॲप वेबमधून मेसेजातला सदस्याचा फोन नंबर बदलून तिथे आकड्याऐवजी भलतं चिन्ह घातलं की ग्रुपमधल्या सगळ्यांचं ॲप पडत राहणार. ॲप नव्याने टाकून ग्रुप काढून टाकेपर्यंत थांबणार नाही, आणि ग्रुपबरोबर त्यातलं सगळं गेलं. सप्टेंबरमध्ये दुरुस्त झालं.

खडूस, यात चोरी नाही. पण माझी माहिती माझ्याजवळून गेली की नाही?

वकीलीण | गुरुवार, दुपारी १२:४०

कायद्याला हा वाद फार पूर्वी पडून गेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३. त्यात डेटा चोरणं वेगळं, संगणकात व्यत्यय आणणं वेगळं आणि अधिकार असलेल्या माणसाला प्रवेश नाकारला जाईल असं करणं वेगळं, अशी निरनिराळी उपकलमं आहेत. हे अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं की कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'गंमत म्हणून पाठवला' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तंत्रज्ञ_बंड्या | गुरुवार, दुपारी ३:१०

एवढी चर्चा कशाला? सर्व्हरवर फिल्टर लावा, सगळी अदृश्य चिन्हं गाळून टाका. पाच ओळींचं काम. उत्तर मिळालं, धागा बंद.

देवनागरीवाला | गुरुवार, दुपारी ३:१८

बंड्या, हे करू नकोस बाबा!! अदृश्य आहेत म्हणजे बिनकामाची नाहीत. कित्येक लोक अजून 'दऱ्या' मधला पाऊण र हा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (हे 'जोडा' सांगणारं अदृश्य चिन्ह) असाच टंकतात. ते गाळलंस की दऱ्याचा दर्या होतो. डोंगर उतरायला निघालेला ट्रेकर थेट समुद्रात. 'ॲ' सुद्धा अनेक कीबोर्ड अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असाच काढतात. फारसी लिहिणाऱ्यांना झेडडब्ल्यूएनजे वाक्यागणिक लागतं. इमोजींची कुटुंबं झेडडब्ल्यूजेनेच जोडलेली असतात. तुझ्या पाच ओळींनी आई एकीकडे, बाबा दुसरीकडे आणि मूल तिसरीकडे.

पुणेरी_पाटी | गुरुवार, दुपारी ३:२५

घटस्फोटाची सोय पाच ओळींत. वकीलीणबाईंच्या पोटावर पाय.

वकीलीण | गुरुवार, दुपारी ३:३१

दखल घेतली आहे.

तंत्रज्ञ_बंड्या | गुरुवार, दुपारी ३:५०

मग तुम्हीच सांगा काय करायचं ते.

बे_एरियाकर | गुरुवार, रात्री ९:३०

त्या नेमक्या मेसेजाला सर्व्हरवर अडवणं हे आज रात्रीपुरतं ठीक. ज्यांच्याकडे आधीच जाऊन बसलाय त्यांच्यासाठी तो सर्व्हरवरच्या साठ्यातूनही काढावा लागेल, नाहीतर पुन्हा उतरणार. खरी दुरुस्ती फोनवर. शून्य लांबीचा हिशेब सांभाळा. मग एक साधी युक्ती: संभाषण उघडायच्या आधी खूण करून ठेवा, नीट उघडलं की पुसा. ॲप सुरू होताना खूण तशीच दिसली तर मागच्या वेळी इथेच पडलो हे कळतं. अशा वेळी ते संभाषण आपोआप उघडू नका, 'हा मेसेज दाखवता येत नाही' असं लिहा आणि पुसायचं बटण द्या. पुढच्या वेळी भलत्याच अक्षरांनी असंच झालं तरी माणूस अडकून पडत नाही.

मे २०२३ मधलं आठवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज उघडणारा एक साधा दुवा चॅटमध्ये आला की अँड्रॉइडवरच्या एका आवृत्तीत ॲप पडायचं. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप वेब जोडलेलं होतं त्यांनी तिकडून मेसेज पुसला आणि सुटले. अनुस्वार, तुमच्या ॲपला असं दुसरं दार आहे का?

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ८:१५

दुसरं दार नाही, वेब आवृत्ती आमच्याकडे नाहीच. तेच मीटिंगमध्ये सांगितलं.

वृत्तांत असा. स्काइपचं उदाहरण दिलं, २०१५ ची नोंद दाखवली. साहेब म्हणाले, "ती मोठी ॲप्स आहेत." मग मी त्यांच्या परवानगीने त्यांच्याच चाचणी खात्यावर मेसेज पाठवला आणि म्हटलं, आता ॲप वापरून दाखवा. त्यांनी दोनदा काढून टाकून पाहिलं. सिक्युरिटीच्या रांगेत गेलं आहे, गंभीरता 'मध्यम'. मला 'उच्च' हवी होती. खूण ठेवायची युक्ती डेव्हलपरला आवडली, तो सोमवारपासून लागतोय.

खडूस | शुक्रवार, रात्री ८:४०

'मध्यम' योग्य आहे. मेमरीत बिघाड नाही, आणि तुमच्या ॲपमध्ये अनोळखी माणूस मेसेज पाठवू शकत नसेल तर 'उच्च' कशाला?

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ८:४४

पाठवू शकतो. कोणीही कोणालाही. जाहिरातीतून थेट चॅट उघडतं.

खडूस | शुक्रवार, रात्री ८:५२

हे पहिल्या दिवशी सांगायचं ना! मग सोमवारपर्यंत थांबताय कशाला? तोपर्यंत सर्व्हरवर अडवा तरी.

नाईट_शिफ्ट | शुक्रवार, रात्री ९:३०

+१. आणि शनिवार-रविवारी ड्यूटीवर कोण आहे त्याला आधी कळवा. कळकळीची विनंती.

संपादक | शनिवार, सकाळी १०:००

धाग्यात काही सदस्यांनी 'चालतंय का बघू' म्हणून प्रत्यक्ष अक्षरमाला चिकटवल्या होत्या, त्या काढल्या आहेत. जुने फोन वापरणारे वाचकही इथे येतात. पुन्हा टाकू नयेत.

चिंगी | शनिवार, सकाळी ११:२०

मावशीला हा धागा वाचून दाखवला. ती विचारतेय, असा एखादा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येईल का, म्हणजे रोज पहाटेचे सुप्रभात बंद होतील.

वकीलीण | शनिवार, सकाळी ११:२६

कलम ४३ तिलाही वाचून दाखव. आणि ग्रुप म्यूट करायला शिकव.